सरळ केलेली पाटी

दोन हजार बावीस साल होतं. उन्हाळा सरत आला होता, आणि उस्तादांच्या डाव्या हाताला दिलेली मुदतही.

उस्ताद म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेल्या सलूनचे मालक. त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं तेवढंच, एरवी लहानथोर सगळ्यांचे ते उस्ताद. आदल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं, उजवी बाजू शाबूत राहिली. डावा हात आणि डावा पाय मात्र रुसून बसले. भेटायला येणारे म्हणायचे, "नशीब, कात्रीचा हात वाचला." उस्ताद मान डोलवायचे. पण काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं की कात्रीच्या हाताइतकाच कंगव्याचा हात लागतो. कंगवा केस उचलून धरतो तेव्हा कात्री कापते. कंगव्याशिवाय कात्री चालवायची म्हणजे कुंपण छाटायचं.

दुकान बंद होतं. आरशांवर चादरी टाकल्या होत्या. गिऱ्हाइकांना उगाच हेलपाटा नको म्हणून दारावरची पाटीसुद्धा उतरवून घरी आणली होती आणि उस्तादांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगली होती. शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला जागा मागत होता. शेवटी घरात असं ठरलं, की तीन महिन्यांनी डॉक्टर हाताची परीक्षा घेतील. हात सुधारतोय म्हणाले तर दुकान ठेवायचं, नाही तर देऊन टाकायचं. उस्ताद या ठरावाला "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून ते रात्री कंगवा उशाखाली घेऊन झोपत. काकूंनी तो अंथरूण काढताना पाहिला आणि पुन्हा होता तिथे ठेवून दिला.

आता घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना असा अरुंद, की वर येणारा आणि खाली जाणारा यांची आधी ओळख असावी लागे. उस्तादांना चाकाच्या खुर्चीत बसवून रुग्णालयात न्यायचं म्हणजे मोहीमच. खालच्या गॅरेजमधली माणसं खुर्ची उचलायला बोलवायची, त्यांना चहा पाजायचा, खुर्ची मावेल अशी टॅक्सी शोधायची, तिकडे नंबर लागेपर्यंत ताटकळायचं, मग सगळं तेच उलट्या क्रमानं. दुसऱ्या दिवशी काकूंची कंबर धरायची आणि तिच्यासाठी वेगळ्या डॉक्टरकडे जावं लागायचं. म्हणून रुग्णालयानं घरबसल्या उपचारांची सोय काढली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला जावईबापूंना.

जावईबापूंना बचतीची भारी हौस. ते टॅब घेऊन आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "आई, आता टॅक्सी नाही, हमाली नाही, कंबर नाही. डॉक्टर थेट घरात!"

"त्यात नवीन काय?" काकू म्हणाल्या. "आमच्या लहानपणी डॉक्टर घरीच यायचे. सायकलवरून. फक्त ते चपला दाराबाहेर काढायचे आणि हात धुवायला पाणी मागायचे."

"पण हे स्वस्त पडतं, आई."

स्वस्त पडायला सुरुवात झाली. टॅब हातात धरून उस्तादांना व्यायाम करता येईना, म्हणून स्टँड आला. उजेड मागून येतो, चेहरा काळा दिसतो, अशी तक्रार झाली म्हणून दिवा आला. चित्र अडकायला लागलं म्हणून वेगवान इंटरनेट आलं. चाकाची खुर्ची व्यायामाच्या भरात मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात जायला लागली, म्हणून बिनचाकांची, हातवाली एक जड खुर्ची आली. प्रत्येक वस्तूबरोबर जावईबापू म्हणत, "हा एकदाच होणारा खर्च आहे."

"बचत इतकी महाग पडते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," काकू म्हणाल्या, आणि दिवा पुसायला घेतला.

पण खरं सांगायचं तर व्यायाम छान चालले होते. पडद्यावर एक हसऱ्या चेहऱ्याची व्यायामाची ताई यायची, "काका, आज मूड कसा आहे?" म्हणायची. उस्ताद तिच्याकडे कमी आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनाकडे जास्त बघायचे. सगळा जन्म आरशासमोर गेलेला माणूस तो. गिऱ्हाइकाचं डोकं हाताखाली, पण नजर समोरच्या काचेत. स्वतःचा हात कुठे आहे हे त्यांना खांद्यापेक्षा आरसा आधी सांगायचा. टॅबमधला चौकोनही आरशासारखाच वागायचा, त्यामुळे त्यांना दुकानात बसल्यासारखं वाटायचं. डावा हात छातीपर्यंत यायला लागला होता. बोटं मात्र काही धरत नव्हती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जावईबापू मुक्कामाला आले. उद्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः पडद्यावर येणार, तेव्हा सगळं नीट हवं म्हणून त्यांनी टॅब लावून पाहिला आणि दचकले.

"आई, ही मागची पाटी उलटी दिसतेय!"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "सरळच तर आहे."

"भिंतीवर सरळ आहे हो, टॅबमध्ये उलटी आहे. अक्षरं बघा. डॉक्टर काय म्हणतील? घरात वाचायला येतं की नाही यांना?"

पाटी उतरवावी तर उस्ताद उतरवू देईनात. मग जावईबापूंनी टॅबमध्ये शिरून, इकडची यादी तिकडची यादी करत, कुठलंसं एक बटण शोधून काढलं आणि दाबलं. पाटी सरळ झाली. "बघा," ते म्हणाले, "याला खर्चसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, म्हणजे खांद्यापर्यंत आल्या. शेजारच्या चौकोनात व्यायामाची ताई होती. उस्तादांनी दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता. काकू खुर्चीच्या बाजूला उभ्या होत्या.

"काका, डावा हात छातीपर्यंत आणून दाखवा बरं," ताई म्हणाली.

उस्तादांनी सवयीनं चौकोनात पाहिलं, डावा हात रोज जिथे दिसायचा तिथे नजर लावली आणि हाताला हुकूम केला. तो हात ढिम्म. आणि पलीकडचा हात हळूहळू वर आला.

उस्तादांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच.

"अगं," ते काकूंना हळूच म्हणाले, "मी याला सांगतोय आणि तो उठतोय."

"काय म्हणाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एका हाताला सांगितलं की दुसरा उठतोय म्हणतात," काकूंनी निरोप पोचवला.

डॉक्टरीणबाई पुढे सरकल्या. पडद्यावर त्यांचं कपाळ मोठं झालं. "बरं, उजव्या हाताचं बोट नाकाला लावा."

उस्तादांनी बोट उचललं. चौकोनात पाहून जरा डावीकडे घ्यावं म्हटलं तर बोट उजवीकडे निघालं. ते ओढून आणावं म्हटलं तर आणखी लांब पळालं. नाकाला जायला निघालेलं बोट कानाला वळसा घालून शेवटी काकूंच्या चष्म्यात घुसलं.

"अहो, माझं नाक नव्हे!"

"मला दिसतंय गं तुझं नाक! मी माझ्याच नाकाकडे चाललोय!"

वातावरण निवळावं म्हणून ताई म्हणाली, "असू द्या काका, तुमच्या आवडीचं करू. कंगवा घ्या आणि भांग पाडा."

उस्तादांनी खिशातून कंगवा काढला. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे भांग ज्या माणसानं पाडले त्याला स्वतःचा भांग पाडायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी चौकोनात बघून भांगाची जागा हेरली, कंगवा नेला, आणि तो डोक्याच्या भलत्याच बाजूला जाऊन उतरला. पुन्हा नेला. पुन्हा भलतीकडे. डोक्यावर गवताच्या पेंढ्या उभ्या राहिल्या.

उस्तादांनी कंगवा मांडीवर ठेवला. 

"विकून टाका दुकान," ते म्हणाले.

 झटका आला त्या दिवशीसुद्धा काकूंनी नवऱ्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंचा आवाजही बदलला होता. "हे लक्षण आधी नव्हतं. दुसरा झटका असू शकतो. ताबडतोब रुग्णालयात आणा. ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि टॅब बंद करू नका, मला ते दिसत राहू द्या."

मग काय, घरात एकच तारांबळ. जावईबापूंनी ॲम्ब्युलन्स मागवली, ती येईपर्यंत एका हातात टॅब धरून दुसऱ्या हातानं बायकोला फोन लावला, आणि दोन्ही उपकरणांवर एकाच वेळी "हो, हो" म्हणू लागले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पेशंटला उलटी होतेय. लेकीला वाटलं, बाबा परीक्षेत पास झाले.

ॲम्ब्युलन्सवाले दोघं धट्टेकट्टे होते. त्यांनी स्ट्रेचर आणलं, जिन्याचं वळण पाहिलं आणि स्ट्रेचर परत नेलं. उस्तादांना चाकाच्या खुर्चीतच बांधून उतरवायचं ठरलं. एक पुढे, एक मागे, त्यांच्यामागे काकू पिशवी घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी जावईबापू, टॅब उंच धरून, भिंतीला घासत. भिंतीचा पांढरा रंग त्यांच्या गालाला लागला. टॅबमधून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "मला छत दिसतंय! पेशंट दाखवा!" जावईबापू टॅब खाली करत. "आता गुडघे दिसताहेत! कुणाचे आहेत?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढच्या माणसाचा पाय निसटला. खुर्ची कलली. काकूंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची जागेवर होती, पण पुढे जात नव्हती.

"सोडा काका, सोडा! धरलंय आम्ही!" मागचा माणूस ओरडत होता. काय सोडा, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. जरा झटापट झाली आणि वरात पुन्हा निघाली.

रुग्णालयात पोचल्यावर ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं त्यांना एका खोलीत घेतलं. डोक्याचा स्कॅन झाला. स्कॅनमध्ये जुनाच डाग, नवीन काही नाही.

"मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलवा ना," जावईबापू म्हणाले.

"त्या इथे नाहीत. त्या त्यांच्या घरून बघतात."

"मग आम्ही इथे कशाला आलो?"

"त्यांनी सांगितलं म्हणून," तरुण डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं जावईबापूंच्याच हातातला टॅब घेऊन टेबलावर उभा केला. डॉक्टरीणबाई त्यात होत्याच. म्हणजे तीन मजले उतरून, अख्खं गाव ओलांडून मंडळी त्याच पडद्यासमोर येऊन बसली होती; फरक इतकाच, की घरातला दिवा नव्हता आणि सगळ्यांचे चेहरे काळे दिसत होते.

तरुण डॉक्टरनं आधी स्वतः तपासलं. उजवा हात, बरोबर. नाकाला बोट, अचूक. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघून करा." उस्ताद टॅबकडे वळले, आणि बोट कानावर.

"इकडे बघून करा," तरुण डॉक्टर म्हणाला. नाकावर.

"इकडे," डॉक्टरीणबाई. कानावर.

तरुण डॉक्टरनं डोकं खाजवलं. "मॅडम, यांना हा आजार फक्त तुमच्यासमोर होतोय."

"हे नेहमी असे नाहीत हो," काकू कळवळून म्हणाल्या आणि नीट सांगावं म्हणून स्वतः टॅबसमोर बसल्या. पडद्यात त्यांना स्वतःचा अवतार दिसला. कानाशी एक बट सुटून लोंबत होती. माणसात बसायचं तर जरा नीट दिसावं म्हणून त्या बट खोचायला गेल्या. हात भलत्याच कानाकडे गेला. दुसऱ्यांदाही तिकडेच.

काकूंची बोबडी वळली. "डॉक्टर... मलापण झालं!"

"आई, काहीतरीच काय! घाबरलात तुम्ही," म्हणत जावईबापू खाली वाकले. पडद्यात त्यांच्या गालावर रंगाचा पांढरा पट्टा दिसत होता. त्यांनी रुमाल काढून गाल पुसला. पट्टा तसाच. आणखी जोरात पुसला. दुसरा गाल लाल झाला, पट्टा जागच्या जागी.

"एकाच घरातले तिघं?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "यांच्या पाण्यात काही आहे का?"

तरुण डॉक्टरला राहवेना. त्यानं मुंडी पुढे घातली आणि पडद्यात बघून खिशातलं पेन काढायला गेला. हात बिनखिशाच्या बाजूला जाऊन छाती चाचपू लागला. तो झटकन मागे सरला आणि जरा वेळ स्वतःचीच नाडी बघत उभा राहिला.

उस्ताद मात्र तोवर भलतीकडे बघत होते. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्यावर आरसा होता. त्यांनी खिशातून कंगवा काढला, आरशात बघून एकदाच फिरवला. भांग रेघ मारल्यासारखा पडला.

"यात बरोबर दिसतं," ते म्हणाले. "त्यातच उलटं दिसतं. कालपर्यंत दिसत नव्हतं."

"कालपर्यंत," जावईबापू म्हणाले. रुमाल घडी करून खिशात घातला. पुन्हा काढला. "मी काल... ती पाटी जरा सरळ केली होती."

सगळं उलगडायला त्यानंतर वेळ लागला नाही. टॅब माणसाला स्वतःचं रूप आरशासारखं दाखवतो. समोरच्याला मात्र मुळात सगळं सरळच दिसत असतं. पाटी डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवसापासून सरळच दिसत होती. जावईबापूंच्या बटणानं एवढंच झालं, की घरच्यांनाही ती सरळ दिसू लागली आणि तिच्यापुढे बसलेला माणूस उलटा झाला.

"तेवढ्यासाठी आम्ही दुसरा झटका आणवला," काकू म्हणाल्या. जावईबापूंच्या खिशातला फोन बंद करायचा राहिला होता आणि लेक हे सगळं ऐकत होती. "अहो, मी तुम्हाला बाबांना बघायला पाठवलं होतं की पाटी बघायला?" तिचा आवाज खोलीभर ऐकू आला.

हसणं ओसरलं तेव्हा काकूंच्या लक्षात आलं, की उस्ताद हसत नाहीयेत. दुसरा झटका नव्हता, ठीक. पण परीक्षेचं काय? बोटं अजून काही धरत नव्हती, आणि बटण फिरवल्यानं ती धरणार नव्हती.

तेवढ्यात खुर्चीला बांधलेले पट्टे परत न्यायला ॲम्ब्युलन्सवाला आत आला. मनगट चोळत होता.

"काका, पुढच्या वेळी कठडा धरू नका बुवा. एकेक बोट सोडवताना दमछाक झाली माझी."

"कुणाची बोटं?" काकूंनी विचारलं.

"यांची. वळणावर खुर्ची कलली तेव्हा यांनी कठडा जो पकडला, सोडायलाच तयार नाहीत."

"कठडा कुठल्या बाजूला आहे?" टॅबमधून ताईचा आवाज आला. इतका वेळ ती आपल्या चौकोनात आहे हेच सगळे विसरले होते.

यावर खोलीत पुन्हा गोंधळ. जावईबापू म्हणाले उजवीकडे, काकू म्हणाल्या वर जाताना की खाली येताना ते सांगा, तरुण डॉक्टरनं तर उजवं-डावं या विषयावर बोलायचंच बंद केलं होतं. शेवटी ॲम्ब्युलन्सवाल्यानं पुढे होऊन उस्तादांचा एक हात सरळ उचलून दाखवला. "हा."

डावा होता. बोटांच्या पेरांवर कठड्याचा गंज लागलेला होता.

उस्ताद त्या गंजाकडे बघत राहिले. मग उजव्या हातानं कंगवा उचलून त्यांनी डाव्या तळहातावर ठेवला. बोटं थरथरली, जरा वाकली, आणि अर्धवट का होईना, कंगव्याभोवती मिटली. कंगवा पडला नाही. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना एकाएकी बाहेरची रहदारी फार महत्त्वाची वाटायला लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "हात सुधारतोय. घरचे व्यायाम चालूच ठेवा. आणि महिन्यातून एकदा यांना जिन्यानं खाली उतरवा. कठडा धरू द्या."

"महिन्यातून एकदा?" जावईबापूंच्या डोळ्यांपुढे गॅरेजमधली माणसं, चहा आणि काकूंची कंबर उभी राहिली. "डॉक्टर, जिना घरबसल्या नाही का होणार?"

बिल आलं तेव्हा त्यात तातडीच्या तपासणीचे पैसे होते आणि खाली घरबसल्या तपासणीचेही होते. जावईबापू खिडकीशी भांडायला गेले. "आम्ही घरी नव्हतोच! इथे होतो!"

"डॉक्टर घरी होत्या ना?" आतला कारकून म्हणाला, आणि शिक्का मारला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. व्यायामाची ताई अजून त्याच कामावर आहे. नवीन पेशंट आला की ती आधी टॅबमागे एक आरसा ठेवायला सांगते. डॉक्टरीणबाईंना काकूंनी आजवर खांद्याखाली पाहिलेलं नाही. रस्त्यात भेटल्या तर ओळखता यायच्या नाहीत, याची काकूंना खंत वाटते. ॲम्ब्युलन्सवाला केस कापायला येतो आणि पैसे देताना दर वेळी मनगट चोळून दाखवतो, म्हणून उस्ताद त्याच्याकडून कमी घेतात. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं पलीकडच्या रस्त्यावर जागा घेतली. काकूंची कंबर आहे तशीच आहे.

दुकान पुढल्या थंडीत उघडलं. आरशांवरच्या चादरी निघाल्या, पाटी दारावर गेली. उस्ताद चाकाच्या खुर्चीतूनच काम करतात आणि गिऱ्हाइकाला बुटक्या स्टुलावर बसवतात. पहिलं गिऱ्हाईक म्हणून, आणि दुसरीकडचे पैसे वाचतील म्हणून, जावईबापू बसले. डाव्या हातातला कंगवा अजून मधूनच थरथरत होता. काम संपलं तेव्हा जावईबापूंनी आरशात मान इकडून वळवली, तिकडून वळवली.

"बाबा," ते जपून म्हणाले, "एक बाजू जरा वर गेल्यासारखी वाटतेय."

उस्तादांनी कंगवा फुंकला, खिशात घातला.

"तुमच्याकडे ते बटण आहे ना," ते म्हणाले, "घ्या सरळ करून."